घासून काढलेल्या भिंतीवरचा बेगोनिया: एका गडावरचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सोळा जणांनी गडावरची एक भिंत घासून काढली आणि तिच्यावरचा जवळजवळ सगळा बेगोनिया, म्हणजे पावसाळ्यात कातळावर फुलणारं एक छोटं रानझाड, संपवला. काय करून बसलो ते कळायला जुलै उजाडावा लागला. त्यानंतरचे तीन पावसाळे मी त्या भिंतीकडे जात राहिले. काय पाहिलं, कुठे चुकलं, काय थोडंफार सावरलं, त्याची ही नोंद. गडाचं नाव मुद्दाम देत नाही. जागा कळली की कुंडीसाठी कंद उकरणारे तिथे पोचतात.

गडाच्या दुसऱ्या दरवाजाकडे चढताना उजव्या हाताला एक कातळभिंत लागते. खोदीव पायऱ्या तिला लागूनच वर जातात. भिंत दोन पुरुष उंच, उत्तरेकडे तोंड केलेली, वरून कातळाचा थोडा ओठ पुढे आलेला. खालच्या टोकाला पाण्याचं टाकं. उन्हाळ्यातही दुपारचं ऊन तिच्यावर फार वेळ टिकत नाही. पावसाळ्यात वरच्या माचीचं पाणी एका थरातून झिरपतं आणि भिंतभर पातळ पदरासारखं पसरतं. आपला बेसाल्ट थराथरांनी बनलाय. एक थर टणक आणि काळा, त्याखालचा भोकाभोकांचा, मऊ. पाणी टणक थरावर अडतं आणि त्या रेषेतून बाहेर येतं. गडांवरची टाकी बरेचदा अशाच रेषांचा अंदाज घेऊन खोदलेली दिसतात. ज्याला आपण पाझर म्हणतो तो हाच, आणि या भिंतीवरचा सगळा संसार त्या पाझरावर चालायचा.

त्या रविवारचं काम साधं होतं. टाक्यातला गाळ काढायचा, पायऱ्यांवरचे दगड बाजूला करायचे, भिंतीत रुजलेली पिंपळाची आणि उंबराची रोपं उपटायची. रीतसर परवानगी होती, माणसं कष्टाळू होती. दुपारपर्यंत टाकं झालं, हातात वेळ उरला. भिंतीवर काळपट, वाळलेला, पापुद्र्यासारखा थर होता. मेलेलं नेचं, धूळ, कोळ्यांची जाळी. कुणीतरी म्हणालं, एवढं केलंय तर हीपण स्वच्छ करून टाकू, छिन्नीचे घाव दिसतील. तारेचे ब्रश आणि खुरपी आणलेली होतीच. दीड-दोन तासांत भिंत लख्ख झाली. छिन्नीचे घाव खरंच दिसू लागले आणि आम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर फोटो काढले.

घासताना एका मुलाने मला हाक मारली. कपारीतून त्याने तपकिरी गोळ्या काढल्या होत्या, बहुतेक वाटाण्याएवढ्या, एकदोन सुपारीएवढ्या. "ताई, हे काय असेल?" मी हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "कसल्यातरी मुळ्यांच्या गाठी दिसतात. टाक घमेल्यात."

त्याआधीची सहा वर्षं मी याच भिंतीवरच्या बेगोनियाचे फोटो काढत होते. ऑगस्टमध्ये पानावरच्या थेंबाचा, सप्टेंबरमध्ये फुलांचा. ते झाड मे महिन्यात माझ्या तळहातावर होतं आणि मला ओळखता आलं नाही. या प्रकरणाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

जुलै

पावसाळ्यातल्या पहिल्या फेरीत भिंत काळी आणि ओली होती. पाझर सुरू झाला होता, पाणी चकाकत होतं, आणि हिरवं काहीच नव्हतं. एरवी याच सुमारास दगडावर मऊ शेवाळ चढलेलं असतं आणि त्यातून लालसर देठांवर एकेक पान उघडत असतं. या वेळी फक्त वरच्या ओठाखालच्या दोन खोल कपारींत, जिथे ब्रश पोचला नव्हता, पानांची एक ओळ दिसली.

टाक्याजवळ पायथ्याच्या वाडीतल्या एक मावशी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, "आवं ताई, ती पानं या साली न्हाईत का? पोरं चावायची, आंबट लागतात." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. भिंतीकडे बघून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही घासलीत तवा तिचं बी-बियाणंबी गेलं असंल."

बियाण्याबद्दल त्यांचं अर्धंच बरोबर होतं. गेलं ते त्याहून मोठं होतं.

हे झाड नेमकं काय आहे

बेगोनिया क्रेनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. योनास ड्रायअँडर या लंडनमध्ये काम करणाऱ्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये बेगोनिया या प्रजातीवर एक निबंध छापला, त्यात हे नाव पहिल्यांदा आलं. क्रेनाटा म्हणजे कडेला बोथट कंगोरे असलेलं. पान हातात घेतलं की नाव पटतं. माथेरान, लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली, कुठेही पावसाळी कातळ बारकाईने पाहिला तर ते सापडतं. दुर्मिळ नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

वीतभर उंचीचं, रसरशीत, जवळजवळ पारदर्शक खोडाचं झाड. पान तिरकं असतं. देठाच्या एका बाजूला पसरट, दुसऱ्या बाजूला आखूड, जणू कुणी घडी चुकवून कापलंय. ही तिरकी बैठक हीच बेगोनियाची पहिली ओळख. आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. फुलं फिक्या गुलाबी रंगाची, नर आणि मादी वेगवेगळी, पण एकाच झाडावर. नरफुलात पिवळ्या केसरांचा झुबका, मादीफुलात तसाच पिवळा, वळणदार कुक्षींचा गुच्छ. मादीफुलाकडे कीटकाला द्यायला पराग नसतात आणि बेगोनियाच्या बहुतेक जातींत मधही नसतो. नरफुलासारखी दिसते एवढंच तिचं भांडवल. माशी चुकून येते आणि काम होतं. फुलामागे पंखांचं बोंड धरतं, आणि ते वाळलं की वाऱ्याने हलून त्यातून बी सांडतं. हे बी म्हणजे अक्षरशः धूळ. एका बोंडात हजारोंनी, एकेक दाणा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यात रोपासाठी शिदोरी जवळजवळ नसतेच. म्हणून ते मातीत गाडलं गेलं तर वाया जातं. ओल्या शेवाळावर, उजेडात पडलं तरच रुजतं.

आता कंदाबद्दल. पावसाळा संपताना, ऑक्टोबरात पाझर आटू लागला की पानं पिवळी पडतात, खोड सांध्यातून गळतं, आणि आठ दिवसांत भिंतीवर खूणही उरत नाही. कपारीत राहतो तो कंद, पिठूळ अन्नाने भरलेला, सुरकुतलेला, दगडाच्याच रंगाचा. नोव्हेंबर ते मे असे सात महिने झाड म्हणजे फक्त तेवढंच. आपण ज्याला बेगोनिया म्हणतो, ती पानं आणि फुलं, हा त्या कंदाने वर्षातून चार-साडेचार महिने केलेला उद्योग. आम्ही मे महिन्यात घमेलं भरलं ते बियाणं नव्हतंच. ती सगळी मोठी, जाणती झाडं होती.

माझ्यापुरतं सांगायचं तर हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. "कंदवर्गीय, पर्जन्यऋतूत उगवणारी" असं मी स्वतः एका फोटोखाली लिहिलं होतं. पण कंद असतो म्हणजे तो मे महिन्यात कुठेतरी प्रत्यक्ष असतो, हे माझ्या डोळ्यांनी कधी धरलंच नव्हतं. आमची निसर्गाची ओळख पावसाळी भटकंतीतून आलेली. गड साफ करायचा तो मात्र उन्हाळ्यात, पाऊस नसताना. दोन्ही कामं करणारी माणसं तीच, पण ही दोन ज्ञानं एकमेकांना कधी भेटली नव्हती.

एकाच वाऱ्याची दोन झाडं

त्या पावसाळ्यात मी वाचायला घेतलं आणि एका दूरच्या बेगोनियापाशी अडकले. विषय थोडा लांबचा आहे, पण त्याने माझी समजूत बदलली, म्हणून सांगते.

आपल्याच अरबी समुद्रात, आफ्रिकेच्या शिंगाजवळ, येमेनच्या हद्दीतलं सोकोत्रा नावाचं बेट आहे. १८८० मध्ये आयझॅक बेली बाल्फोर हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेला, आणि त्याच्या मोहिमेतून बेगोनिया सोकोत्राना हे झाड युरोपात पोचलं. त्याचं पान वाटोळं, देठ मधोमध, थाळीला दांडी लावावी तसं. जून ते सप्टेंबर त्या बेटावर नैऋत्येचा वारा इतका खवळलेला असतो की पूर्वी त्या महिन्यांत गलबतं तिथे लागतच नसत. आणि तिथे तो वारा कोरडा आणि तापलेला असतो. त्या काळात हे झाड पानं टाकून देतं आणि खोडाच्या बुडाशी बारक्या कंदिकांचा पुंजका ठेवून झोपतं. हिवाळ्यात बेटावर ओल आली की उठतं आणि थंडीत फुलतं.

तोच नैऋत्य वारा समुद्र ओलांडताना पाणी पितो आणि सह्याद्रीला धडकतो. महाबळेश्वराला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो त्याच्याच जोरावर. म्हणजे जो वारा सोकोत्राच्या बेगोनियाला झोपवतो तोच आमच्या भिंतीवरच्याला उठवतो. जनुकीय अभ्यासांत सोकोत्राचे बेगोनिया आशियातल्या बेगोनियांच्या शाखेला सगळ्यात जवळचे ठरले आहेत. आफ्रिकेकडून आशियात आलेल्या पूर्वजांना ऋतू ओळखून जमिनीत झोपण्याची सवय आधीपासून होती, असं त्यावरून मानलं जातं.

पुण्याच्या नर्सऱ्यांत हिवाळ्यात जी भरगच्च फुलांची कुंडीतली बेगोनिया मिळते, तिच्या रक्तात हे सोकोत्राचं झाड आहे. १८८३ मध्ये इंग्लंडच्या व्हीच नर्सरीत जॉन हील यांनी त्याचा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतल्या कंदी बेगोनियांशी संकर केला. पुढे फ्रान्समध्ये नान्सीच्या व्हिक्टर लमुआन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीशी जोडून 'ग्लुआर द लॉरेन' आणली. दिवस लहान झाले की फुलायचं ही सवय त्या रोपांनी अजून सोडलेली नाही.

हे वाचेपर्यंत मी "पाऊस म्हणजे बेगोनिया" एवढंच धरून होते. खरं तर तो कंद हे त्या त्या जागेचं घड्याळ असतं. किती महिने ओल, किती महिने कोरड, कपार किती खोल, सावली किती वेळ, हे सगळं त्यात बसवलेलं. त्यामुळे झाड परत आणायचं तर नुसतं पाणी घालून भागणार नव्हतं.

राडारोड्याचा ढीग

भिंतीचा खरवडलेला सगळा माल आम्ही टाक्यापलीकडच्या उतारावर ओतला होता. जुलैच्या त्याच फेरीत मला आठवण झाली आणि जाऊन पाहिलं, तर ढिगातून बेगोनिया उगवला होता! लाल देठ, हिरवी तिरकी पानं, भरपूर. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसले. सगळं ठीक होईल असं वाटलं.

दोन आठवड्यांनी ढिगाची दशा पाहवत नव्हती. पावसाने माती बसून चिखल झाला होता, खोडं बुडाशी काळी पडून आडवी झाली होती. उकरलं तर कंद बोटात मऊ पडत होते. याच झाडावर भिंतीवर असताना रात्रंदिवस पाणी वाहतं, तिथे ते कुजत नाही. फरक साचण्याचा आहे. उभ्या दगडावर पाणी सरकत राहतं, शेवाळाचा थर बोटाच्या पेराएवढासुद्धा नसतो, आणि मुळांना पाण्याबरोबर हवाही मिळते. चिखलात पाणी थांबतं, हवा संपते, बुरशी चढते. कातळावरच्या झाडाला आपण "बिचारं, माती नाही" म्हणतो. मातीतच ते मरतं, हे मी त्या ढिगापाशी पाहिलं.

जेवढे घट्ट कंद मिळाले तेवढे आम्ही तिघांनी वेचले आणि भिंतीच्या कपारींत परत बसवले. आजूबाजूच्या दगडांवरून चिमूटभर शेवाळ आणून त्यात कंद दाबायचा, डोळा बाहेर ठेवायचा, बस. माती, शेणखत काही नाही. पाझराच्या मुख्य धारेत लावलेले पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेले. धारेच्या कडेला, जिथे दगड फक्त पाझरतो, तिथले राहिले.

दोन कंद मी घरी नेले होते, आणि ही माझी दुसरी चूक. एक कुंडीत नर्सरीच्या खतमिश्रित मातीत लावला, तो पंधरा दिवसांत गेला. दुसरा भोकाभोकांच्या दगडावर शेवाळात लावला, तो छान वाढला, फुललाही. ऑक्टोबरात पानं गळाली आणि मी काळजीपोटी आठवड्यातून एकदा पाणी शिंपडत राहिले. जानेवारीत दगडावर हात फिरवला तेव्हा तिथे नुसती साल होती. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे विषच. त्यानंतर मी कुणालाही हे झाड घरी नेऊ नका असंच सांगते. ज्यांना लावायचंच आहे त्यांनी नर्सरीतला संकर घ्यावा, तो कुंडीसाठीच घडवलेला असतो.

पुढचे तीन पावसाळे

गटाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं तेव्हा वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, पिंपळाने उद्या बुरूज फाटला तर? झाडं काढायचीच नाहीत का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पिंपळ-उंबराची मुळं चिऱ्यांमध्ये शिरून जाड होत जातात आणि बांधकाम उकलतं, ते कोवळेपणीच काढायला हवेत. पण बेगोनियाची मुळं केसाएवढी, शेवाळात पसरणारी. दगडाला त्यांचा उपद्रव नाही. रानतेरडा, नेचे, सीतेची आसवं यांचंही तेच. गवत आणि पिंपळ एकाच तागडीत तोलणं ही आमची चूक होती, आणि ते सदस्य हे सगळ्यांत आधी मान्य करणाऱ्यांपैकी होते.

ठरलं ते असं. सप्टेंबरात, झाडं दिसत असताना, एक फेरी फक्त पाहण्यासाठी करायची. भिंतीचे फोटो काढून त्यांवर कुठे काय आहे ते लिहायचं. दगडावर रंगाने खूण करायची नाही. उन्हाळ्यातल्या मोहिमेत ते छापील फोटो बरोबर न्यायचे आणि खूण असलेल्या भागात ब्रश, खुरपं चालवायचं नाही. पिंपळाची रोपं हाताने, आणि शक्य तर पावसाळ्यात, दगड ओला आणि मुळं सैल असताना काढायची. तारेचा ब्रश मोहिमेच्या सामानातून कायमचा गेला.

दुसऱ्या पावसाळ्यात लावलेल्या कंदांपैकी निम्मेही उठले नाहीत, पण जे उठले ते फुलले. भिंतीवर शेवाळ अजून विरळ होतं. शेवाळ आधी यावं लागतं, तोवर बी पडलं तरी धुऊन जातं. घासलेला दगड पुन्हा शेवाळ धरायला किती वेळ लावतो हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी, वाचलेल्या त्या दोन कपारींच्या थेट खाली मला रोपं दिसली. भिंगाशिवाय दिसली नसती. डाळीच्या दाण्याएवढी पानं, पण तिरकी. ऑगस्टात पावसाने बारा दिवस दडी मारली आणि उघड्यावरची बरीच करपली. ओठाच्या सावलीतली तगली. ऑक्टोबरात त्यातलं एक मी हळूच बाजूला सारून पाहिलं. बुडाशी मोहरीएवढा कंद धरला होता. तो धरण्याआधी पाऊस संपला असता तर रोप गेलं असतं. त्या रोपाला पुढचे सात महिने त्या दाण्यावर काढायचे होते.

आज भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागात, पाझराच्या दोन्ही कडांना, बेगोनिया बऱ्यापैकी आहे. पूर्वीइतका नाही. मावशींच्या नातवाने गेल्या पावसाळ्यात एक पान तोडून चावलं आणि तोंड वाकडं केलं, ते मला बघायला मिळालं.

वरचा अर्धा भाग मात्र, त्या दोन कपारी आणि त्यांच्याखालची रोपं सोडली तर, अजून रिकामा आहे. बी खाली सांडतं, वर चढत नाही. नाणेघाटासारखी वाऱ्याची जागा असती, जिथे धबधबासुद्धा उलटा उडतो, तर गोष्ट वेगळी होती. आमची भिंत आडोशाला आहे, तिथे वारा वरच्या दिशेने येत नाही. ओठाच्या वर, माचीच्या कडेला कातळाच्या एका खळग्यात दोन जुनी झाडं आहेत, ती गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा दिसली. त्यांचं बी ओठावरून घसरून भिंतीच्या वरच्या पट्ट्यात पडू शकतं. त्या खळग्याचा फोटो आता मोहिमेच्या पाकिटात सगळ्यांत वर ठेवलाय.